कंप्युटरची खंडेनवमी

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या यशस्वी संगणकीकरणाबद्दल माझा जो जाहीर सत्कार झाला, त्यातली चादर अजून घडी न मोडता कपाटात पडून आहे. शालीऐवजी चादर, कारण आमचे अध्यक्ष गुरुशांत अण्णा यांचं चादरींचं दुकान आहे आणि वाचनालयाचे सगळे सत्कार त्यांच्या दुकानात न खपलेल्या रंगात होतात. माझ्या वाट्याला जांभळा आला. थंडी पडल्यापासून माझी बायको राजेश्वरी विचारते आहे, "ती चादर तरी काढू का वापरायला? सत्कार काही उसवत नाही वापरल्यानं." मी नाही म्हणतो. ती अंगावर घेऊन मला झोप येणार नाही. का येणार नाही ते सांगतो, मग काय म्हणायचं ते म्हणा.

मी वाचनालयाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे ज्याला पगार मिळत नाही पण बोलणी मिळतात तो. वाचनालयात एक कंप्युटर आहे. तो कुठल्याशा योजनेतून आला, आणि येताना पाठीवर पुरवठादाराचं सील घेऊन आला. सील तोडलं तर हमी रद्द, असं त्यावर लिहिलेलं. हमी कशाची, ते लिहायला जागा उरली नसावी.

या कंप्युटरवर खऱ्या अर्थानं काम केलं ते आमच्या ग्रंथपाल पूनमनं. पूनम सांगोल्याकडची, घरची मेंढरं आणि जिरायती शेती, लायब्ररीचा कोर्स करून इकडे आली. वर्गवाढीसाठी, म्हणजे वाचनालयाला वरचा दर्जा आणि जास्त अनुदान मिळण्यासाठी, पुस्तकांची यादी कंप्युटरवर हवी असं वरून पत्र आलं, आणि ती दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून अकरा हजार पुस्तकं एका हातानं फडक्यानं पुसत दुसऱ्या हातानं टाइप करत राहिली. नाव, लेखक, क्रमांक एवढं पुरलं असतं. पण पूनमनं शेवटी एक 'शेरा' नावाचा रकाना स्वतःच्या मनानं घातला. आमच्याकडच्या निम्म्या कादंबऱ्यांची शेवटची पानं नाहीत. ती कुणी नेली, कशाला नेली, यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या आहेत. पूनमनं बैठक घेतली नाही. जुन्या वाचकांना धरून ती विचारायची, "तुमी वाचलीया न्हवं? मग शेवट काय हाय ते सांगा," आणि त्यांनी सांगितलेला शेवट शेऱ्यात लिहून ठेवायची. पुस्तक घरी नेणाऱ्याला ती छापून द्यायची. पेठेतल्या माणसांना खून कुणी केला हे आता पूनमकडून कळायचं.

सगळ्यात जास्त शेवट शरणम्मांना पाठ होते. शरणम्मा म्हणजे मागच्या बोळातल्या आजी. घरात कानडी, बाजारात मराठी आणि वाचायला फक्त कादंबरी. मोतीबिंदूनंतर वाचणं सुटलं, पण दुपारी येऊन पूनमशेजारी बसायच्या आणि नायिकेचं पुढं काय झालं ते सांगायच्या. सांगताना स्वतःच रडायच्या.

आता लिनक्सकडे येतो. गेल्या उन्हाळ्यात तो कंप्युटर इतका मंद झाला की चालू करून बाहेर चहा पिऊन यायचं आणि मग पासवर्ड घालायचा. मी निवृत्त माणूस, मोबाइलवर रोज काही ना काही ज्ञान मिळवतो. त्यात कळलं की लिनक्स नावाची यंत्रणा फुकट असते, जुन्या मशीनवर पळते आणि तिला व्हायरस लागत नाही. मला हे इतकं पटलं की मी ते कमिटीला, राजेश्वरीला, भाजीवाल्याला, सगळ्यांना सांगितलं. पूनम एवढंच म्हणाली, "सर, माजी यादी हुईस्तवर थांबा की." मी थांबलो नाही. संस्थेचा एकुलता एक पेनड्राइव्ह मागून घेतला. त्यात तिनं यादीची कॉपी ठेवली होती.

"यादी कंप्युटरमध्ये आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. पन ही कापी..."

"अगं, आता व्हायरसच नाही म्हटल्यावर कॉपी कशाला?"

आणि मी तो पेनड्राइव्ह पुसून त्यात लिनक्स भरलं. 'कॉपी कशाला' हे वाक्य मी स्वतः, मोठ्यानं, साक्षीदारांसमक्ष उच्चारलेलं आहे. मशीनमधलं जुनं सगळं जागच्या जागी ठेवून शेजारी लिनक्स बसवायला घेतलं तेव्हा शरणम्मा पलीकडच्या खुर्चीवर कुठल्याशा जाड कादंबरीचा शेवट सांगत होत्या आणि पूनम तो पाटीवर लिहावा तशी भराभरा कागदावर उतरवून घेत होती. मला त्या आवाजाचा फार त्रास होत होता. मी म्हणालो सुद्धा, "आजी, जरा हळू. इथं महत्त्वाचं काम चाललंय." त्या म्हणाल्या, "तम्मा, तू पण ऐक की. लई चांगला शेवट हाय." मी ऐकलं नाही. लिनक्स मात्र छान बसलं. पुढं चार महिने कंप्युटर पळत होता, पूनमनं कागदावरचे शेवटही त्यात घातले, कागद रद्दीत गेले, आणि श्रावणात शरणम्मा गेल्या.

मग खंडेनवमी आली.

सोलापुरात खंडेनवमीला यंत्रमाग सुद्धा थांबतो, तिथं वाचनालयाच्या कंप्युटरची काय कथा. धुऊन पुसून, भस्म लावून, झेंडू घालून यंत्राला त्या दिवशी विश्रांती द्यायची. आमच्याकडे दरवर्षी पुस्तकं आणि पंखा यांची पूजा व्हायची, यंदा प्रथमच कंप्युटर. मला वाटलं, लोक आपापली हत्यारं धुतात, कंप्युटर धुता येत नाही, पण अपडेट करता येतो. म्हणून सकाळी मी लिनक्सचं अपडेट सुरू केलं. आंघोळ घालून पाटावर बसवावा, एवढाच माझा शुद्ध हेतू होता. आंघोळ अर्ध्यावर असताना पूजा सांगणारे स्वामीजी आले, अण्णा आले, आणि खालच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातला बिरप्पाही नारळ घेऊन वर आला.

"हे चालूच हाय की अजून!" अण्णा म्हणाले. "चालू यंत्राची पूजा करत्यात होय? बंद करा."

"अण्णा, दहा मिनिटं. बंद करू नका असं त्यावरच लिहिलंय."

"लिहिलेलं राहू दे. मुहूर्त आमच्या हातात हाय का?"

मी स्वामीजींकडे पाहिलं. स्वामीजी घड्याळाकडे पाहत होते. बिरप्पानं आयुष्यभर जळक्या मोटारी हाताळलेल्या, त्यानं वाकून सरळ भिंतीतली पिन उपसली. पडदा काळा झाला. अण्णांनी त्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले, पूनमनं कळफलकाला हळदकुंकू वाहिलं, आणि त्यातलं बरंचसं एंटरच्या बटणात गेलं. दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत पुजलेल्या यंत्राला हात लावायचा नसतो, म्हणून काय झालं हे बघण्याचीही मला मनाई होती.

दसरा संपला, सोनं वाटून झालं, आणि मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी इंग्रजी आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून एक रेघ लुकलुकत राहिली.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"वाचवा म्हणतंय," मी म्हणालो.

प्रकार असा असतो. कंप्युटर सुरू झाला की लिनक्सला हाक मारून उठवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. अपडेटमध्ये नेमका तोच बदलला जात होता आणि नेमका तोच अर्धा कापला गेला. म्हणजे आत माणसं सुखरूप, सामान सुखरूप, फक्त दार उघडणारा गेलेला. हे मी पूनमला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजे माजी यादी हाय न्हवं आत?" मी आहे म्हणालो. ती रोज सकाळी आल्याआल्या हाच प्रश्न विचारू लागली, आणि रोज माझं 'आहे' थोडं बारीक होऊ लागलं. त्यात वर्गवाढीच्या तपासणीला साहेब पंधरवड्यात येणार, असं पत्र आलं.

आमच्या पेठेत एखाद्याच्या घरी दुखणं आलं की भेटायला येणारा माणूस औषध सांगितल्याशिवाय उठत नाही. कंप्युटरलाही लोक भेटायला आले. बिरप्पा म्हणाला, क्वाइल गेली असणार, सोडून द्या माझ्याकडे, गुंडाळून देतो. कुणी सांगितलं, रात्रभर तांदळात ठेवा. दुधाची पिशवी घेऊन निघालेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मी सांगितलं होतं, फुकटचं घेऊ नका." त्यांनी मला असं काहीही कधी सांगितलेलं नव्हतं. राजेश्वरीनं घरून निरोप पाठवला की दृष्ट काढा. मी नेटवरच्या सज्जनांना विचारलं. त्यांनी काळ्या पडद्यावर लिहायच्या आज्ञा दिल्या. मी त्या एकेक अक्षर जुळवून लिहायचो, हळद खाल्लेलं एंटर तीनदा ठोकायचो, आणि कंप्युटर म्हणायचा, फाइल सापडत नाही. परदेशातल्या एकानं तर मला विचारलं, अपडेट चालू असताना वीज का बंद केली? मी त्याला खंडेनवमी समजावून सांगणारं लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचं पुन्हा उत्तर आलं नाही.

शेवटी उपाय एकच निघाला. तोच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायचा, कंप्युटर त्यावरून सुरू करायचा आणि बाहेरून आत शिरून बूटलोडर नव्यानं बसवायचा. त्यासाठी मशीनच्या पोटातल्या सेटिंगमध्ये जाऊन 'आधी पेनड्राइव्ह बघ, मग डिस्क' असा क्रम लावावा लागतो. उन्हाळ्यात हे लागलं नव्हतं, तेव्हा चालत्या विंडोजमधूनच पेनड्राइव्हवर जाता आलं होतं; आता तेही उठत नव्हतं. मी तिथं गेलो, आणि सेटिंगनं मला पासवर्ड मागितला. तो पुरवठादारानं घातलेला.

मी सिद्धेश्वर घालून पाहिलं. अण्णांनी बसवेश्वर सुचवले. बिरप्पानं बिरोबा. एवढ्या देवांपैकी कुणीही आत सोडलं नाही. पुरवठादाराच्या ऑफिसात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "पासवर्ड असा फोनवर देता येत नाही हो. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करा, सोबत कमिटीचा ठराव जोडा, सही-शिक्का हवा."

ठरावाला कोरम लागतो. कोरमला आमचे खजिनदार सिद्धनाथ लागतात. सिद्धनाथ नवरात्रात करमाळ्याला कमलाभवानीला गेलेले, ते तिथंच पाहुण्यांकडे रमले. फोन केला की म्हणायचे, "निघालोच." पाठीमागून जेवणाच्या पंगतीचा आवाज यायचा. ते आले, बैठक झाली. ठरावात 'कंप्युटर' लिहायचं की 'संगणक' यावर बराच वेळ गेला. मग ठराव गेला, आणि मोबाइलवर उत्तर आलं. आम्ही सगळीकडे एक-दोन-तीन-चारच ठेवतो.

इतका अपमानास्पद पासवर्ड घालून बघावा, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तेवढी लाज अजून शिल्लक होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी, उतरत्या दुपारी, मी एक-दोन-तीन-चार घातलं, क्रम बदलला, पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला. मी डिस्कच्या आत शिरलो, एक एक कप्पा उघडत गेलो, आणि यादी सापडली. पूनम माझ्या पाठीशी उभी होती. मी फाइल उघडली. अकरा हजार पुस्तकं होती आणि शेऱ्यांसकट होती. पूनम एकदम खुर्चीवर बसली आणि पदरानं पडद्यावरचं भस्म पुसायला लागली. एवढ्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं, ते मी लपवलं.

"आता बूटलोडर बसवतो," मी बाह्या सरसावून म्हणालो.

"थांबा सर. आदी माजी यादी भाईर काडा. मग कायबी करा."

आणि आयुष्यात प्रथमच मी तिचं ऐकलं. पण यादी काढायची कशात? एकुलता एक पेनड्राइव्ह तर त्याच कामात अडकलेला. वाचनालयाचं इंटरनेट दसऱ्यापासून बंद. पूनम म्हणाली, मोबाइलला वायर लावूया, आणि ती वायर शोधत असतानाच लाइट गेली. बिरप्पा खालून ओरडला, डीपी उडालाय, आज काय येत नाही. आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचा जीव कधीच गेलेला. मी म्हणालो, "काळजी करू नकोस. यादी जागेवर आहे, तू डोळ्यांनी पाहिलीस. उद्या नवी पेठेतली दुकानं उघडली की नवा पेनड्राइव्ह घेऊन येतो, पाच मिनिटांचं काम." अण्णांनाही फोन करून सांगितलं, की सापडलं, उद्या होतं. अण्णा खूश झाले.

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी ते घरी सांगितलं. आणि घरी जावई आलेले होते.

अण्णांचे जावई प्रभु, पुण्याला कंप्युटर कंपनीत. दसऱ्याला आलेले, मुक्काम वाढलेला. जावयाला आमच्याकडे काय मान असतो ते मी सांगायला नको. त्याला नाही म्हणत नाहीत, त्याला थांबवत नाहीत, आणि त्यानं काही करतो म्हटलं की घरातले सगळे आधीच कौतुक करून ठेवतात. प्रभुराव म्हणाले, "मामा, एवढंच ना? सकाळी फिरायला जाताना करून टाकतो." लाइट पहाटेच आली होती. अण्णांकडे वाचनालयाची किल्ली असते.

मी नवा पेनड्राइव्ह खिशात घालून जिना चढलो तेव्हा कंप्युटर चालू होता. निळंशार आकाश, हिरवी टेकडी. अण्णा हात जोडून उभे होते. प्रभुराव हात पुसत म्हणाले, "काका, त्यात काही राम नव्हता. फॉरमॅट मारलं, नवीन विंडोज टाकलं. एकदम क्लीन."

मी म्हणालो, "आत यादी होती."

"कसली यादी? मला वाटलं सगळं करप्ट आहे. आणि डिस्क रिकामी वाईट दिसते, साहेब येणार, म्हणून चार-पाच सिनेमे पण भरून ठेवलेत वर."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "चहा घ्या जावईबापू." लेकीचा नवरा आहे म्हणून अण्णा गप्प, अण्णा अध्यक्ष म्हणून मी गप्प. पूनम दारात उभी होती. ती आत आली, माउस हातात घेतला, एक एक कप्पा उघडून पाहिला. सगळीकडे सिनेमे. मग तिनं माउस ठेवला आणि परतीची पुस्तकं कपाटात लावायला गेली.

दुपारी साहेब आले. त्यांनी विचारलं, "संगणक आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"चालू स्थितीत?"

प्रभुरावांनी माउस हलवला. टेकडी दिसली. साहेबांनी लिहून घेतलं, झेंडूच्या वाळलेल्या हारासकट फोटो काढला, आणि शेंगाचटणीची पुडी घेऊन गेले. यादी दाखवा, असं ते म्हणालेच नाहीत. अकरा हजारांतलं एक पुस्तक त्यांनी विचारलं नाही. महिन्याभरात वर्ग वाढल्याचं पत्र आलं. नवी पेठेतल्या दुकानदारानं डिस्क तपासून सांगितलं, वर सिनेमे बसलेत काका, खालचं काही निघत नाही.

मग सत्कार झाला. संगणकीकरणाचे शिल्पकार म्हणून माझा, आणि विशेष तांत्रिक सहकार्याबद्दल जावईबापूंचा. त्यांना किरमिजी चादर, तो रंग खपतो. भाषणात अण्णा म्हणाले, खंडेनवमीची पूजा फळाला आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूनमनं सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला.

चादर आणि नारळ घेऊन मी निघालो तर ती कंप्युटरसमोर बसली होती. पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक काढलेलं, फडकं मांडीवर, क्रमांक एकवर कर्सर लुकलुकत होता. मी शेजारच्या खुर्चीवर टेकलो. म्हणालो, "मी नावं वाचतो, तू टाइप कर. लवकर होईल." ती बरं म्हणाली. मी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. तिसरी कादंबरी जाड होती, शेवटची पानं नव्हती. पूनम शेऱ्याच्या रकान्यात जाऊन थांबली.

"सर, ही शरणम्माआजींनी सांगितल्याली. तुमी त्या दिशी हितंच बसला हुता की. शेवट काय हुता, आटवतंय का?"

मी खूप आठवून पाहिलं. आजींचा आवाज आठवला, त्या रडल्या ते आठवलं. मला नीट आठवत होतं ते एवढंच, की त्या वेळी पडद्यावर लिनक्स एकाहत्तर टक्के बसलं होतं.